मिळाली की लागली

कळंबला हायवेच्या कडेला भरतशेठचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेठ म्हटल्यावर गल्ल्यावर बसलेला, पोट सुटलेला माणूस डोळ्यांपुढं आणू नका. मंचर-नारायणगाव पट्ट्यात ज्याच्या नावावर एक शटर आहे तो शेठ, आणि ज्याच्या नावावर नाही त्यालाही लोक शेठच म्हणतात, काम काढून घ्यायचं असलं की. भरतशेठची बोटं व्हार्निशनं कायमची पिवळी पडलेली, बनियनला भोकं, आणि बोलणं असं तुटक की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, आपण याचं काय घोडं मारलंय. तसं काही नसतं. जळालेली पाण्याची मोटर पुढ्यात आली की तो आधी वास घेतो, मग विचारतो, "किती येळा स्टार्टर दाबला?" शेतकरी म्हणतो, एकदाच. "खोटं बोलू नको राव. मोटर उचलत न्हाय म्हणल्यावं सोडून द्यायची असती. धा-बारा येळा दाबलास." तेवढ्यांदा दाबलेलाच असतो.

शाळा त्याला नववीपर्यंत झाली. मग चुलत्यानं भोसरीला नेऊन एका रिवायंडिंगवाल्याच्या हाताखाली घातला, तिथं सहा वर्षं तार गुंडाळून तो गावी परत आला. इंग्रजी त्याला मोटरीच्या पत्र्यावरचं येतं, तेवढंच. एच.पी., आर.पी.एम., आय.एस.आय. टिंबं देऊन मांडलेली मोठी अक्षरं दिसली की माल चांगला, हे त्याचं पंचवीस वर्षांचं गणित. त्या गणितानं त्याला एकदाच दगा दिला, आणि तोही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

पोरगी आरोही, एकुलती एक. बारावीला चांगले मार्क पडले आणि पुण्यात कात्रजच्या पुढं एका इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. शाखा इलेक्ट्रिकल. तिला काय हवं होतं हे कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. बाप दुकानात येईल त्याला सांगत होता, "मी मोटर बांधतो, माझी पोरगी मोटर काढणारी कंपनी चालवील," तेव्हा ती हसून आत जायची. तिला हॉस्टेलवर सोडताना तिची आई शालन रडली. भरत रडला नाही. त्यानं खोलीतल्या पंख्याचा कंडेन्सर बदलून दिला आणि परत आला.

पहिल्या सेमचा निकाल फेब्रुवारीत लागला. दुपारची वेळ, भरतच्या मांडीवर तार अर्धी भरून झालेली मोटर, आणि फोन आला.

"पप्पा, रिझल्ट लागला."

"मग? काय झालं?"

"एटीकेटी मिळाली."

"मिळाली?"

"हो. मिळाली."

"म्हंजे पुढं जाता येतंय ना?"

"हो, पुढच्या सेमला बसता येतं."

"मग झालं तर," भरत म्हणाला. एवढंच बोलला, पण फोन ठेवल्यावर त्याला काम सुधरेना. ए.टी.के.टी. चार अक्षरं, चार टिंबं. त्यानं मोटर बाजूला सारली, हात पुसले आणि मंचरला जाऊन दोन किलो पेढे आणले. दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढा. शेजारच्या पंक्चरवाल्याला पेढा, दुधाच्या डेअरीवर पेढे, निवृत्त सावळाराम गुरुजींच्या घरी जाऊन, पाया पडून दोन पेढे. वर मोबाईलवर स्टेटस लावला: आरोहीचा हसरा फोटो, खाली 'ए.टी.के.टी. मिळवल्याबद्दल माझ्या लेकीचं अभिनंदन', आणि तीन गुलाबाची फुलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. कुणी म्हणालं वा, कुणी म्हणालं नाव काढलं पोरीनं. गावात कॉलेजात गेलेली काय कमी पोरं आहेत? पण एकाही बहाद्दराचं तोंड उघडलं नाही. उघडलं ते पेढ्यापुरतंच.

स्टेटस आरोहीनंही पाहिला. तिनं त्यावर लाल बदाम पाठवला. शालन म्हणाली, बघा, पोरगी खूश झाली.

चौथ्या दिवशी भरत तांब्याची तार आणायला मंचरला रमणलालशेठच्या दुकानात गेला. ही मारवाडी मंडळी, आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेली. मराठी भरतपेक्षा शुद्ध बोलतात. रमणलालशेठ देवदर्शनाला गेले होते आणि गल्ल्यावर मुलगा अंकित होता. अंकित स्वतः इंजिनिअर, नोकरी सोडून दुकानात बसलेला. भरतनं खिशातून कागदात बांधलेले दोन पेढे काढले. कशाचे ते सांगितलं. अंकितनं पेढा हातात घेतला आणि तसाच धरून राहिला.

"भरतकाका, एटीकेटी मिळत नाही. लागते."

"म्हंजे?"

"म्हणजे विषय राहिलेत. नापास. पण वर्ष न बुडवता पुढं बसू देतात, राहिलेले विषय नंतर काढायचे. मलाही लागली होती. होतं तसं, फार मोठं नाही."

"पन ती मिळाली म्हणली."

"तुम्ही ऐकण्यात चुकला असाल."

भरतनं तारेचं बंडल घेतलं आणि छोट्या हत्तीत, म्हणजे आपल्या टेम्पोत, टाकलं. गाडी चालवताना त्याच्या डोक्यात एवढंच चाललं होतं की अंकित बरोबर बोलतोय. आग लागते. ठेच लागते. दृष्ट लागते, साडेसाती लागते. मराठीत जे मागितलेलं नसतं ते लागतं, आणि मिळतं ते बक्षीस. एवढी साधी भाषा आपल्याला कळली नाही, आणि आपण गावभर पोरीची शोभा केली. त्याला लाज वाटली. लाज पहिले दोन दिवस कानाला झोंबत होती, नंतर नुसतीच अंगावर राहिली, घामाच्या सदऱ्यासारखी.

त्या वेळी त्यानं पोरीला फोन लावून 'बाई, मी अडाणी, माझं चुकलं' एवढं म्हटलं असतं तर पुढचं वेगळं झालं असतं का? कुणी सांगावं. त्यानं म्हटलं नाही. तिला आणखी वाईट वाटेल असं त्याला वाटलं, आणि तीही काही बोलली नाही. बाप तसा लेक, दोघंही तोंडाला कुलूप लावणारी.

आरोही शिवरात्रीला आली नाही. होळीला आली नाही, जर्नल लिहायचंय म्हणाली. रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"जेवलीस का?"

"हो."

"अभ्यास?"

"चालू आहे."

"बरं."

शालन म्हणायची, पोरीचा आवाज पडलाय. भरत म्हणायचा, रेंज नसंल.

मार्चच्या शेवटी एका सकाळी श्रेयाचा फोन आला. श्रेया निमगाव साव्याची, आरोहीच्या खोलीतली मुलगी. फोन स्पीकरवर होता, शालन ओट्यापाशी भाकरी थापत होती.

"काका, आरोहीला सांगू नका मी फोन केला ते. ती महिनाभर कॉलेजला येत नाहीये. झोपून असते नाहीतर भिंतीकडे बघत बसते. मेसचा डबा तसाच परत जातो. काल तिनं मला तिचा ड्रॉइंगचा ड्राफ्टर दिला, कॅल्क्युलेटर दिला, नवा ड्रेस दिला. म्हणाली, मला आता नको."

भरत म्हणाला, "मग राहू दे तुला, उपयोगी पडंल."

शालननं पिठाच्या हातानं फोन ओढून घेतला. "श्रेया बाळा, आत्ता कुठं हाय ती? खोलीत? तू तिच्यापाशी बस. आमी येस्तोवर हलू नको." मग तिनं गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली. "आवं, उठा. गाडी काढा."

"का? काय झालं?"

"उठा म्हणते ना."

मंचर गेलं, खेड गेलं, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तरी शालन काही बोलेना. मागं हौद्यात कुणाची तरी पाच एचपीची मोटर होती, ती उतरवायचीही राहिली होती, खड्ड्यात गाडी गेली की धडाधडा आपटायची. मोशीपाशी शालन म्हणाली, "आपल्या वस्तू वाटून कोण टाकतं?" तेव्हा भरतला कळलं की हे पोरीच्या जिवावरचं आहे. त्याचे हात स्टिअरिंगवर होते आणि गाडी नीट चालली होती. त्याला भीती वाटायला पाहिजे होती, ती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

आरोही कॉटवर बसलेली होती. केसांच्या जटा झालेल्या. आईबापाला पाहून ती म्हणाली, "का आलात?" आश्चर्य नाही, राग नाही, काही नाही. भरत म्हणाला, "असंच." शालननं तेल आणि फणी मागून घेतली, आणि ती पोरीच्या मागं बसून केस सोडवायला लागली. दीड तास लागला.

दुसऱ्या दिवशी तिघं मनाच्या डॉक्टरकडं गेले. बाई तरुण होत्या, समजावून सांगत होत्या. हा आजार आहे, नाटक नाही. गोळ्या वेळेवर द्या, एकटं ठेवू नका, आणि अभ्यासाचं विचारू नका. परीक्षा द्यायची की नाही ते तिलाच ठरवू द्या. भरत मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर त्यानं शालनला विचारलं, "मग परीक्षेचं काय करायचं?"

शालन आरोहीला घेऊन पुण्यातच राहिली. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली, गॅसची शेगडी आणि दोन गाद्या. घरची गाय भरतनं भावाच्या दावणीला बांधली. गुरुवारी कळंबची लाईट जाते, दुकान तसंही बंद. दर गुरुवारी तो सकाळच्या एसटीनं पुण्याला जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. शालन मासवडी करायची. आरोहीला लहानपणापासून आवडायची ती. ती एक तुकडा खायची, कधी दीड. मग ती भिंतीला टेकून बसायची आणि भरत दुसऱ्या भिंतीला टेकून बसायचा. गोळ्यांनी तिला झोप यायची. तिला झोप लागली की त्यालाही लागायची, बसल्या बसल्या. शालन म्हणायची, एवढ्या लांबनं झोपायला येताय का? पण येऊ नका असं ती म्हणाली नाही.

उन्हाळा म्हणजे रिवायंडिंगचा हंगाम. दुकानापुढं मोटरींची रांग लागलेली. कॉइलला वेढे मोजून घालायचे असतात, आणि भरतचं मोजणं पंचवीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. आता तिसाच्या पुढं गेलं की त्याला आठवायचंच नाही, तीस झाले की चाळीस. बोरी बुद्रुकच्या एका माणसाची मोटर दोन दिवसांत पुन्हा जळून आली. तो दारात उभा राहून तोंडाला येईल ते बोलला. भरतनं ऐकून घेतलं, पुन्हा बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. त्याला वाईटही वाटलं नाही. पोरगी काय म्हणती असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बरी हाय. सेम चालू हाय." विचारणारा जायचा. हे बोलणं त्याला आता फोनच्या टेपसारखं यायचं.

एकच गोष्ट त्याच्या मनात जिवंत होती, ती म्हणजे परीक्षा. मेच्या मधल्या मंगळवारी पहिला पेपर होता. फॉर्म श्रेयानं भरून दिला होता. भरतला वाटायचं, ही एकदा आत जाऊन बसली, नापास का होईना, की सगळं रुळावर येईल. डॉक्टरबाईंनी विचारू नका म्हटलेलं, म्हणून तो सरळ विचारायचा नाही. "हॉल तिकीट आलं का गं?" "श्रेयाचा नंबर कुठल्या वर्गात आलाय?" "पेपर सकाळचा का दुपारचा?" एका गुरुवारी असं पाच-सहा वेळा झालं. आरोही दर वेळी "बघू" म्हणाली आणि शेवटी उठून बाथरूमात गेली. शालननं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"गिऱ्हाइकावं तर लई वरडता, कितींदा स्टार्टर दाबला म्हणून. आन सोता काय करताय?"

त्यानंतर भरतनं विचारलं नाही, पण आशा सोडली असं नाही.

सोमवारी संध्याकाळी शालनचा फोन आला. उद्या जाते म्हणाली पोरगी, तुमाला बोलवलंय. मंगळवारी भरतनं दुकान बंद ठेवलं आणि पहाटेच गाडी काढली. नऊ वाजता तो आणि आरोही कॉलेजच्या गेटपाशी उभे होते. शालन मुद्दाम खोलीवर थांबली. आरोहीनं अंघोळ केली होती, वेणी घातली होती, हातात पारदर्शक पाऊच होतं. भरतला ती कितीतरी दिवसांनी आपल्या पोरीसारखी दिसली. पोरं घोळक्यानं आत चालली होती, कुणी पुस्तक उघडून चालता चालता वाचत होतं. श्रेया आली, आरोहीच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "चल, मी वर थांबते." आणि पुढं गेली.

आरोही हलली नाही. गेटच्या भिंतीलगत सावली होती, तिथं जाऊन ती उभी राहिली. भरतही गेला.

"पप्पा, केटी लागली म्हणतात. सगळे तसंच म्हणतात."

"म्हाईत झालं नंतर," भरत म्हणाला. "अंकितनं सांगितलं. माझंच चुकलं. अडाणी मानूस मी, मला काय—"

"तुमचं नाही चुकलं. मी मुद्दाम मिळाली म्हणाले."

"का गं?" भरत म्हणाला.

"इलेक्ट्रिकलमध्येच नापास झाले होते. तुमच्या विषयात. ते तुम्हाला कसं सांगू? म्हटलं, मिळाली म्हणते, त्यांना कळणार नाही, आठवड्यानं घरी जाऊन नीट सांगू. मग तुम्ही पेढे वाटले." ती पाऊचची चेन उघडत होती आणि लावत होती. "गाव तुम्हाला हसलं ते माझ्यामुळं. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मला वाटायचं, आता बोलतील, आता बोलतील. रोज फक्त जेवलीस का."

तीन महिने तो समजत होता की त्याच्या अडाणीपणानं पोरगी खचली. तीन महिने ती समजत होती की तिच्या खोटेपणानं बाप खचला. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तर! भरतच्या छातीत काहीतरी हललं, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, आणि ते दुखलं. दुखलं याचंच त्याला बरं वाटलं.

"हसना का गाव," तो म्हणाला. "मला कुनी हसल्यानं काय भोक पडत न्हाय."

आतली घंटा झाली. गेटवरचा वॉचमन ओरडला, चला, चला, दहा मिनिटांत गेट बंद. आरोहीनं गेटकडं पाहिलं.

"माझ्याच्यानं आत नाही जाववत, पप्पा."

अर्धा तास बस बाळ, नुसतं नाव टाकून ये, वर्ष वाचंल. हे वाक्य भरतच्या तोंडात तयार होतं. महिना झाला तयार होतं. ते त्यानं गिळलं. सोपं नव्हतं. पोरीच्या वर्षाबरोबर त्याचंही काहीतरी त्या गेटच्या आत राहिलं, आणि ते जाताना त्याला स्वच्छ दिसलं.

"नगं जाऊ," तो म्हणाला. "आईला घिऊ आन घरी जाऊ."

"नक्की?"

"नक्की."

दुपारच्या आत खोली रिकामी झाली. दोन गाद्या, शेगडी, एक बॅग, एवढाच संसार छोट्या हत्तीत मावला. पुढं तिघं दाटीवाटीनं बसली. आरोही मध्ये. चाकणच्या पुढं ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. बरं वाटायला वर्ष लागेल की दोन, ती पुन्हा कॉलेजला जाईल की नाही, भरतला काही ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंनाही ठाऊक नव्हतं. गोळ्या चालू ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी घेऊन या, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं.

कळंबला दुकानापाशी गाडी थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोटरींची रांग तशीच होती, दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली, आणि पंक्चरवाल्याच्या खुर्चीत सावळाराम गुरुजी पेपर वाचत होते. भरत चावी घेऊन खाली उतरला.

"भरतशेठ, आज पेपर होता ना पोरीचा?" गुरुजींनी चष्म्यावरून विचारलं. "कसा गेला?"

बरी हाय, सेम चालू हाय, असं म्हणायची भरतला सवय झाली होती. त्यानं शटरची चावी खिशात घातली.

"दिला न्हाय गुरुजी. पयल्या सेमला नापास झाली व्हती, दुसरं बुडालं. वरीस गेलं."

गुरुजींनी पेपरची घडी घातली. "अरेरे," ते म्हणाले. "वर्ष गेलं म्हणजे फार वाईट झालं."

"गाडीत बघा गुरुजी," भरत म्हणाला. "पोरगी हाय का?"

गुरुजी उठले आणि वाकून त्यांनी काचेतून आत पाहिलं. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून, तोंड जरा उघडं टाकून आरोही झोपली होती.

"हाय," गुरुजी म्हणाले.